दारू सोडणाऱ्यांचा गट : कुठे शोधावा, तिथे काय होते

दारू सोडण्यात दोन कामे असतात. पहिले काम दारू थांबवण्याचे. अंगातून दारू उतरते, हातांची थरथर जाते, झोप लागू लागते, भूक परत येते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली हे साधारण आठ-दहा दिवसांत उरकते. दुसरे काम थांबलेली दारू थांबलेलीच ठेवण्याचे, आणि ते वर्षानुवर्षे चालते. घरच्यांची गल्लत नेमकी इथे होते, आणि पिणाऱ्याचीही. पहिले काम झाले की सगळे झाले असे वाटते. माणूस दवाखान्यातून टवटवीत होऊन घरी येतो, दोन-तीन महिने बरे जातात, आणि मग कुणाच्या तरी हळदीत पुन्हा ग्लास हातात येतो. नातेवाईक म्हणतात, एवढा पैसा ओतला, पण याला सुधारायचेच नाही. वास्तविक दुसऱ्या कामाची तजवीज कुणी केलेलीच नसते.

ती तजवीज म्हणजे स्वमदत गट. दारूच्या आहारी गेलेली आणि आता न पिता जगू पाहणारी माणसे ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी एकत्र बसतात आणि आपापले अनुभव सांगतात. तिथे डॉक्टर नसतो, कीर्तनकार नसतो, फी नसते. एवढ्या साध्या गोष्टीने कुणाची दारू सुटत असेल यावर पटकन विश्वास बसत नाही. त्यामुळे गट घराजवळ असूनही लोक तिथे पोहोचत नाहीत, किंवा दहा वर्षे उशिरा पोहोचतात. केंद्र सरकारने दिल्लीच्या 'एम्स'कडून करवून घेतलेली व्यसनांची राष्ट्रीय पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार देशात १० ते ७५ वयोगटातील सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि त्यांपैकी पावणेसहा कोटींच्या आसपास लोकांना मदतीची गरज आहे. पूर्णपणे दारूवर अवलंबून असलेल्यांपैकी ३८ जणांत एकालाच कुठल्या ना कुठल्या स्वरूपाची मदत मिळाली होती. इस्पितळात दाखल होऊन उपचार मिळालेला माणूस तर १८० जणांत एक.

गटाकडे वळण्याआधी एक इशारा द्यायलाच हवा, कारण त्यावर जीव अवलंबून असतो. रोज सकाळपासून पिणाऱ्या, न प्यायल्यास हात कापणाऱ्या माणसाने एका दिवसात, घरच्या घरी, एकट्याने दारू बंद करू नये. दारूला सरावलेला मेंदू ती अचानक बंद झाल्यावर बिथरतो. शेवटच्या घोटानंतर काही तासांतच घाम, मळमळ, धडधड सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भास होतात, भिंतीवर किडे दिसतात, माणूस बरळू लागतो, ताप चढतो. यात मृत्यूही येऊ शकतो. डॉक्टर योग्य गोळ्या कमी कमी होत जाणाऱ्या मात्रेत देतात, 'ब-१' जीवनसत्त्व देतात आणि हा काळ सुखरूप पार पडतो. पिणाऱ्याला खोलीत कोंडून बाहेरून कडी घालण्याचा घरगुती उपाय म्हणूनच धोक्याचा आहे.

त्याहून धोक्याचा प्रकार जेवणातून गुपचूप औषध देण्याचा. 'पिणाऱ्याला न कळवता दारू सोडवा' अशा जाहिराती भिंतींवर आणि एसटी स्टँडवर दिसतात. डायसल्फिराम हे औषध पोटात असताना दारू प्यायली की चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. म्हणून डॉक्टर ते रुग्णाला सगळे सांगून, त्याची संमती घेऊन आणि तपासण्या करूनच देतात. भाजीत कालवून दिलेल्या पुडीत नेमके काय आहे हे खाणाऱ्यालाही ठाऊक नसते आणि देणाऱ्यालाही. त्याने जीव धोक्यात येतो, आणि वाचला तरी नवरा-बायकोतला उरलासुरला विश्वास जातो.

शपथा आणि नवस यांचे काय? महाराष्ट्रात तुळशीची माळ घालून दारू सोडलेली माणसे गावोगावी भेटतात. त्यांच्याकडे नीट पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. माळ घातल्यावर ज्याची रोज संध्याकाळी हरिपाठाला, एकादशीला भजनाला आणि वर्षातून एकदा वारीला माळकऱ्यांत ऊठबस असते, तो टिकतो. माळ घालून जो पुन्हा जुन्या पारावर जुन्याच मित्रांत बसतो, त्याची माळ खुंटीवर जायला वेळ लागत नाही. शपथ माणूस एकटा घेतो, ती निभावायला मात्र सोबत लागते. स्वमदत गटांची सगळी उभारणी याच अनुभवावर झाली आहे.

या गटांतला सर्वांत मोठा आणि जगभर पसरलेला म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमस, ज्याला सगळे ए.ए. म्हणतात. त्याचा जन्म अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, अ‍ॅक्रन या गावी झाला. बिल विल्सन हा न्यूयॉर्कचा शेअर दलाल डिसेंबर १९३४ मध्ये इस्पितळात दाखल होऊन कसाबसा दारूतून बाहेर आला होता. पुढच्या मे महिन्यात तो कामासाठी अ‍ॅक्रनला गेला आणि तिथला व्यवहार फिसकटला. परगाव, खिशात फारसे पैसे नाहीत, मन खचलेले, आणि हॉटेलच्या दिवाणखान्यालगत बार. त्या बारमधला गलबला ऐकून आपला तोल जातो आहे हे त्याला जाणवले. त्याने तिथल्या टेलिफोनवरून एका धर्मोपदेशकाला फोन लावला आणि विचारले की, या गावात दारूने पिडलेला एखादा माणूस मला भेटू शकेल का? शोधता शोधता डॉ. बॉब स्मिथ या शल्यचिकित्सकाशी गाठ पडली. डॉक्टर स्वतः अट्टल पिणारे. त्यांनी पंधरा मिनिटेच देईन असे बजावले होते, पण बोलणे रात्री उशिरापर्यंत चालले. विल्सनने उपदेश केला नाही, फक्त आपली स्वतःची कथा सांगितली. डॉक्टर त्यानंतर एकदा घसरले, मात्र १० जून १९३५ नंतर त्यांनी दारूला स्पर्श केला नाही. ए.ए. हाच आपला स्थापना दिवस मानते.

विल्सनने बारमध्ये जाण्याऐवजी फोन का केला, हे लक्षात घेण्यासारखे आहे. त्याला त्या क्षणी कुणाला तरी सुधारायचे नव्हते, स्वतःला सावरायचे होते. दुसऱ्या पिणाऱ्याशी बोलल्याने आपलीच ओढ ओसरते हा अनुभव त्याच्या हाती लागला, आणि पुढे लाखो लोकांनी तो पडताळून पाहिला. त्यामुळे गटात जुना सभासद नवख्याला मदत करतो तेव्हा तो उपकार करत नसतो. नवखा आला नाही तर जुन्याचेही टिकणे अवघड होते. उपचारांच्या इतर ठिकाणी देणारा आणि घेणारा असे दोन थर असतात. इथे ते नाहीत, आणि वर्षानुवर्षे लोकांचे टोमणे खाल्लेल्या माणसाला त्यातच पहिल्यांदा मोकळा श्वास घेता येतो.

१९३९ मध्ये या मंडळींनी आपल्या अनुभवांचे पुस्तक काढले, त्यात बारा पायऱ्या मांडल्या. १९४१ मध्ये 'सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट' या खपाच्या साप्ताहिकात लेख आला आणि सभासदसंख्या एका वर्षात काही पटींनी वाढली. भारतात ए.ए.ची सुरुवात १९५७ साली मुंबईत झाली. आज महाराष्ट्रात आणि गोव्यात मराठी, हिंदी, इंग्रजी, कोकणी अशा वेगवेगळ्या भाषांतून सभा चालतात. मुंबईत चर्चचे हॉल आणि महापालिकेच्या शाळांचे वर्ग, इतरत्र समाजमंदिर, वाचनालय, एखाद्या इस्पितळातली रिकामी खोली, अशा जागी त्या भरतात.

महाराष्ट्राची याबाबतीत स्वतःचीही पुंजी आहे. १९८१ साली फादर जो परेरा यांनी मुंबईत वांद्र्याला कृपा फाउंडेशन सुरू केले, ए.ए.च्या पायऱ्यांना योगासनांची जोड दिली. पुण्यात गर्द या अमली पदार्थाच्या व्यसनावर अनिल अवचट यांनी लिहिलेले लेख वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले, त्यांनी देणगी देऊ केली आणि १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभे राहिले. मुक्तांगणने एक गोष्ट फार लवकर ओळखली : रुग्ण घरी गेल्यावर उपचार संपत नाहीत, खरे तेव्हा सुरू होतात. म्हणून तिथून बाहेर पडलेल्यांसाठी गावोगावी पाठपुराव्याच्या सभा सुरू झाल्या. त्या घेण्यात बरे झालेल्या रुग्णमित्रांचाच मोठा वाटा असतो. रुग्णांच्या पत्नींसाठी 'सहचरी' हा वेगळा गट आहे.

गट शोधणे पूर्वी अवघड होते, आता तेवढे राहिलेले नाही. ए.ए.चे भारतातले मुख्य कार्यालय मुंबईत आहे. त्यांच्या संकेतस्थळावर आणि मदत क्रमांकांवर शहरवार सभांची माहिती मिळते. नशामुक्तीसाठी केंद्र सरकारची १४४४६ ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे, आणि मानसिक आरोग्यासाठी टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. दोन्ही मोफत. जिल्हा रुग्णालयाच्या आणि वैद्यकीय महाविद्यालयाच्या मानसोपचार विभागात विचारले तर तिथले समाजसेवक जवळच्या गटाचा पत्ता सांगतात. अनेकदा दवाखान्याच्या सूचनाफलकावर एक छोटा कागद लावलेला असतो : वार, वेळ, जागा आणि एक मोबाइल क्रमांक. तो क्रमांक सहसा कुणा सभासदाचाच असतो, त्यामुळे पलीकडचा माणूस 'किती पिता' असे दरडावून विचारत नाही. नाव सांगायचे नसेल तर सांगू नये. एवढेच विचारावे की सभा कधी, कुठे, कोणत्या भाषेत असते आणि नवीन माणूस आला तर चालेल का. पुष्कळदा तोच म्हणतो, स्टँडवर उतरा, मी न्यायला येतो.

भाषेचा मुद्दा किरकोळ समजू नये. आपल्या घरात काय झाले हे माणूस आपल्याच बोलीत नीट सांगू शकतो. इंग्रजी सभेत बसलेला मराठी कामगार मान डोलावतो आणि दुसऱ्या वेळी येत नाही. म्हणून आधी मराठी सभा शोधावी, ती लांब असली तरी. परदेशी राहणाऱ्यांना, आखाती देशांत एकटे राहून नोकरी करणाऱ्यांना किंवा जहाजावरच्या माणसांना ऑनलाइन सभांचा मोठा आधार झाला आहे. कोरोनाच्या टाळेबंदीत या सभा नाइलाजाने वाढल्या आणि नंतरही चालू राहिल्या. ज्या तालुक्यात गट नाही तिथल्या माणसालाही तोच मार्ग. तरी शक्य असेल तेव्हा प्रत्यक्ष जाणेच बरे. पडद्यावर कॅमेरा बंद करून पीत बसता येते, समोरच्या खुर्चीवर नाही.

ओळखीचे कुणी दिसेल या भीतीने बरेच जण मागे फिरतात. तसे असेल तर पलीकडच्या गावचा किंवा उपनगराचा गट निवडावा. आणि ओळखीचा दिसलाच तर तोही त्याच कारणासाठी तिथे आलेला असतो. सभेत कोण आले आणि काय बोलले हे बाहेर सांगायचे नाही, हा या गटांचा कडक दंडक आहे. पहिलेच नाव सांगायचे, आडनाव नाही. आडनावावरून जात, गाव, घराणे काढणाऱ्या आपल्या समाजात या प्रथेचे मोल अमेरिकेपेक्षा कांकणभर जास्तच आहे. बँकेचा अधिकारी, रिक्षाचालक, माजी सरपंच आणि नाक्यावरचा बिगारी एकाच रांगेत बसतात आणि एकमेकांना नुसत्या नावाने हाक मारतात.

गट आणि बंदिस्त केंद्र यांत मात्र गफलत होऊ देऊ नये. व्यसनमुक्तीच्या नावाखाली माणसाला गाडीत घालून नेणारी, कोंडून ठेवणारी, मारहाण करणारी केंद्रेही आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक आजारही येतात, त्यामुळे अशा रुग्णांना दाखल करून घेणाऱ्या संस्थेला राज्याच्या प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते. दाखल करण्याआधी नोंदणी दाखवा म्हणावे, डॉक्टर किती वेळ असतात ते विचारावे, रुग्णाला भेटू देतात का पाहावे. स्वमदत गट याच्या अगदी उलट असतो. दार उघडे, कुणीही केव्हाही उठून जावे.

सभा साधारण तास-दीड तासाची. काही सभा खुल्या असतात, त्यांत नातेवाईक, विद्यार्थी, जिज्ञासू कुणीही बसू शकतो. बंद सभा फक्त पिण्याचा त्रास असलेल्यांसाठी. शाळेचा वर्ग असेल तर बाके भिंतीला सरकवून प्लास्टिकच्या खुर्च्या गोलात मांडलेल्या असतात. फळ्यावर सकाळच्या तासाची बेरीज तशीच असते. कोपऱ्यात स्टीलच्या थर्मासमध्ये चहा, टेबलावर काही पुस्तिका आणि एक डबा. वेळ झाली की त्या दिवशी सभा चालवणारा सभासद उभा राहतो, एक छोटे निवेदन वाचतो, काही क्षण शांतता. मग तो विचारतो, आज कुणी पहिल्यांदा आले आहे का? हात वर केला तर टाळ्या वाजतात. नाही केला तरी कुणी बोट दाखवत नाही.

नंतर एकेक जण बोलतो. 'माझे नाव अमुक, मी मद्यपी आहे' अशी सुरुवात असते. मग सात-आठ मिनिटे तो आपल्याबद्दलच बोलतो. पगाराच्या दिवशी घरी पोहोचेपर्यंत पाकीट कसे रिकामे झाले. क्वार्टर गव्हाच्या कोठीत कशी लपवली, नंतर संडासाच्या टाकीमागे, नंतर स्कूटरच्या डिकीत. मुलीच्या शाळेत पालकसभेला तोंडात वेलदोडा धरून गेलो आणि ती मैत्रिणींसमोर ओळख न देता पुढे निघून गेली. सांगणाऱ्याचा आवाज कापतो, कधी सगळे हसतात, कारण तसेच प्रत्येकाने केलेले असते. मधे कुणी तोंड घालत नाही. तुम्ही असे करायला हवे होते, असे म्हणत नाही. बोलणे झाले की 'धन्यवाद' एवढेच. नवख्याला हे विचित्र वाटते. उत्तर कुणीच देत नाही मग उपयोग काय, असा प्रश्न पडतो. तिसऱ्या-चौथ्या सभेत त्याच्या लक्षात येते की समोरचा माणूस जे सांगतो आहे ते आपलेच आहे, आणि तो माणूस आज पाच वर्षे प्यायलेला नाही. कुठल्याही समुपदेशकाला जी आशा शब्दांनी देता येत नाही ती इथे समोर बसलेली असते.

नवख्याने काय करावे? काहीही करू नये, ऐकावे. बोलण्याची सक्ती नाही. 'आज फक्त ऐकतो' म्हटले तरी पुरते. तो डबा फिरतो तेव्हा पैसे टाकलेच पाहिजेत असे नाही. खोलीचे भाडे आणि चहा सभासदांच्या त्या ऐच्छिक वर्गणीतून भागतो. ए.ए. सरकारकडून, कंपन्यांकडून, पुढाऱ्यांकडून देणगी घेत नाही. सभासद होण्याची एकच अट आहे, दारू सोडण्याची इच्छा. फॉर्म नाही, हजेरीपट नाही. पिऊन आलेल्यालाही बहुधा हाकलत नाहीत, शांत बसायला सांगतात. सभा संपल्यावरची दहा मिनिटे मात्र टाळू नयेत. चहाचा कप हातात घेऊन उभे राहिले की दोघे-तिघे जवळ येतात आणि आपले फोन नंबर देतात. ते नंबर हीच त्या संध्याकाळची खरी कमाई.

एका सभेवरून गट पारखू नये. काही गट थंड असतात, कुठे दोन जुनी मंडळी जास्त बोलतात, कुठे आपल्या वयाचे कुणीच नसते. वेगवेगळ्या गटांच्या पाच-सहा सभा पाहून मग ठरवावे. सुरुवातीच्या तीन महिन्यांत शक्य तितक्या सभा कराव्यात, रोज मिळाली तर रोज, असा जुन्या सभासदांचा आग्रह असतो आणि तो रास्त आहे. पूर्वी दारूत जाणारी संध्याकाळ आता रिकामी झालेली असते. तिला दुसरे काही दिले नाही तर ती जुन्या वाटेने जाते.

काही सभांनंतर ओळख वाढली की नवखा एखाद्या जुन्या सभासदाला आपला स्पॉन्सर होण्याची विनंती करतो. स्पॉन्सर म्हणजे पैसे पुरवणारा नव्हे, हे घरच्यांना आवर्जून सांगावे लागते. ओढ लागली की ज्याला मध्यरात्रीही फोन करता येतो आणि जो पायऱ्यांचा सराव करून घेतो, असा हा सोबती. त्या बारा पायऱ्यांचा गाभा थोडक्यात असा : दारूपुढे आपले काही चालत नाही हे कबूल करणे, आपल्याहून मोठ्या शक्तीचा आधार घेणे, स्वतःचा रोखठोक हिशेब मांडून तो दुसऱ्या माणसाला सांगणे, ज्यांचे नुकसान केले त्यांची यादी करून शक्य तिथे भरपाई करणे, आणि हे सगळे पुढच्या माणसापर्यंत नेणे. भरपाईचा भाग ऐकायला मोठा वाटतो, पण त्याची सुरुवात बहुधा किराणा दुकानदाराची तीन वर्षांची उधारी हप्त्याने फेडण्यापासून होते. भावाची माफी त्यानंतर येते, आणि ती जास्त जड जाते.

मोठ्या शक्तीचा उल्लेख आला की देव न मानणारे बिचकतात. महाराष्ट्रात अशी मंडळी थोडी नाहीत. ए.ए.ची भाषा ज्या धार्मिक वातावरणात घडली त्याची छाया तिच्यावर आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र ती शक्ती कोणती हे ज्याने त्याने ठरवायचे असते आणि अनेक निरीश्वरवादी सभासद गटालाच ती शक्ती मानतात. ज्यांना तेही रुचत नाही त्यांच्यासाठी स्मार्ट रिकव्हरीसारखे, विचारांच्या सवयी बदलण्यावर भर देणारे गट आहेत. त्यांच्या इंग्रजी सभा ऑनलाइन मिळतात. मुक्तांगणसारख्या संस्थांच्या पाठपुरावा सभाही कुणावर श्रद्धेची अट घालत नाहीत.

गटांचा परिणाम खरोखर होतो का, यावर बरीच वर्षे वाद होता. २००६ मध्ये कोक्रेन या वैद्यकीय पुराव्यांचा आढावा घेणाऱ्या संस्थेने ठाम निष्कर्ष काढता येत नाही असे म्हटले होते. २०२० च्या नव्या आढाव्यात २७ अभ्यास आणि दहा हजारांहून अधिक लोक होते. पद्धतशीरपणे ए.ए.कडे वळवलेल्यांपैकी वर्षभरानंतर ४२ टक्के लोक पूर्णपणे दारूमुक्त होते. इतर मानसोपचार घेतलेल्यांत हे प्रमाण ३५ टक्के होते. फरक डोळे दिपवणारा नाही, पण वर्गणीच्या डब्यावर चालणारी गोष्ट तज्ज्ञांच्या उपचारांच्या बरोबरीने आणि थोडी पुढेही उभी राहते, ही बाब मोठी आहे. याच आकड्यांचा दुसरा अर्थ असा की वर्षअखेर निम्म्याहून अधिक लोक कधी ना कधी प्यायलेले असतात.

म्हणून घसरण्याबद्दल आधीच बोलून ठेवावे लागते. गटात तिला 'स्लिप' म्हणतात. तिचे दिवस महाराष्ट्रात जवळजवळ ठरलेले आहेत : गटारी, एकतीस डिसेंबर, शिमगा, जत्रेतला बोकड, मित्राची वरात, निवडणुकीचा हंगाम, पगाराचा किंवा उसाचे बिल जमा होण्याचा दिवस. दुःखातच नव्हे, आनंदातही लोक घसरतात. अशा दिवशी आधी सभा करावी, मग कार्यक्रमाला जावे, आणि जेवण झाले की निघावे. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार वेळा सांभाळा, हे प्रत्येक गटात सांगितले जाते. भुकेल्या पोटी संध्याकाळी सात वाजता दुकानासमोरून जाणारा माणूस किती कच्चा असतो हे ज्याने भोगले त्यालाच ठाऊक. आयुष्यभर पिणार नाही, अशी घोषणा कुणी करत नाही. आजचा दिवस प्यायची नाही, एवढेच ठरवायचे. घसरलाच तर त्याच आठवड्यात पुन्हा सभेला यायचे. लाजेने दूर राहिलेला माणूस खोल जातो. परत आलेल्याचे मात्र गटात पहिल्या दिवसासारखेच स्वागत होते.

गटाच्या मर्यादाही स्पष्ट असाव्यात. गट औषध देत नाही. नैराश्य, आत्महत्येचे विचार, भास, यकृताचा आजार यांसाठी डॉक्टरच लागतात. 'इथे यायला लागलास, आता मानसोपचाराच्या गोळ्या बंद कर' असे एखादा सभासद सांगू लागला तर ते मुळीच ऐकू नये. ए.ए.ची अधिकृत भूमिकाही तशी नाही, औषधांचा निर्णय डॉक्टरांवर सोपवावा असेच ती सांगते.

स्त्रियांच्या बाबतीत परिस्थिती अजून वाईट आहे. पिणाऱ्या बाईला समाज माफ करत नाही, म्हणून ती लपून पिते आणि मदतीपासूनही लपूनच राहते. पुरुषांनी भरलेल्या खोलीत तिला बोलणे कठीण जाते. मोठ्या शहरांत आणि ऑनलाइन केवळ स्त्रियांच्या सभा मिळतात, त्या आधी शोधाव्यात. स्त्रीचा स्पॉन्सर स्त्रीच असावा हा संकेत पाळावा. सहानुभूतीच्या निमित्ताने जवळीक साधू पाहणारा माणूस कुठल्याही गटात असू शकतो, तसे वाटले तर लगेच दुसरा गट गाठावा.

आणि घरचे. दारू एक जण पितो, घर सगळे आजारी पडते. बायको ऑफिसात फोन करून त्यांना ताप आहे असे खोटे सांगते, सासू पोराची बाजू घेऊन पैसे देते, मुले पावलांच्या आवाजावरून आजची रात्र कशी जाणार ते ओळखतात. या माणसांसाठी वेगळे गट आहेत. विल्सनची पत्नी लोईस हिने १९५१ मध्ये अल-अनॉन स्थापन केला, किशोरवयीन मुलांसाठी पुढे अ‍ॅलाटीन आला, आपल्याकडे 'सहचरी' आहे. नवऱ्याची दारू कशी सोडवावी हे तिथे शिकवत नाहीत. त्याच्या पिण्याला आपण जबाबदार नाही, त्याची उधारी फेडत आणि चुका झाकत राहणे थांबवायचे, मारहाण सहन करायची नाही, आपली झोप, आपले काम, आपली मुले यांच्याकडे परत वळायचे, हे बायका तिथे एकमेकींकडून शिकतात. नवरा गटात जायला तयार नसला तरी बायकोला आपल्या गटात जाता येते, आणि तिने जावेच. पुष्कळ घरांत बदलाची सुरुवात तिथून झाली आहे.

ज्या घरात हा प्रश्न आहे तिथे पुढच्या भांडणाची किंवा पुढच्या शपथेची वाट पाहू नये. १४४४६ किंवा १४४१६ या क्रमांकावर आजच फोन करून जवळच्या गटाचा वार आणि वेळ विचारावी, रोज पिणाऱ्याला आधी डॉक्टरांकडे न्यावे, आणि पहिल्या सभेला त्याच्यासोबत दारापर्यंत जावे.